बाटलीवरचा शब्द

हे प्रकरण लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस घोळ घातला. लिहिणं हे आमच्या घरातलं काम नव्हे. माझ्याआधी आमच्यातलं कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तोही शास्त्र शिकायला. तिथं फार तर कृती, निरीक्षण आणि अनुमान एवढंच लिहायची सवय लागते. तेव्हा भाषेत काही कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण खरी माफी दुसऱ्याच गोष्टीची मागायची आहे. ज्याच्या हातून बाटलीवर एक शब्द चुकीचा लिहिला गेला, आणि त्या शब्दानं काय केलं ते ज्यानं डोळ्यांनी पाहिलं, त्यानं आणखी हजारो शब्द लिहायला बसावं हे मला स्वतःलाच धारिष्ट्याचं वाटतं.

आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, माळावर. बेंबळीकडून येणाऱ्या एस.टी.तून पाहिलं तर आधी आमची घरं दिसायची आणि मग खाली ओढ्याच्या काठानं पसरलेलं गाव. फार पूर्वी आमची माणसं ओढ्याच्या पलीकडं, गावाच्या उताराला राहत. ओढ्याला लोंढा आला की पाणी घरात शिरायचं, चुली वाहून जायच्या. म्हणून माझ्या वडिलांच्या, आबांच्या तरुणपणी, म्हणजे धम्म घेतल्यानंतरच्या वर्षांत, सगळी घरं उचलून माळावर आली. घरं वर आली, पण गावाच्या तोंडातला शब्द खालीच राहिला. आम्ही होतो 'खालच्या आळीचे'. कुणाला आमच्याकडं यायचं झालं, तर तो चढ चढताना धापा टाकत म्हणायचा, "जरा खालच्या आळीला जाऊन येतो." यात काही चमत्कारिक आहे असं ना त्यांना वाटायचं, ना आम्हाला.

माळावरची विहीर आमच्याच माणसांनी खोदली. मोठ्या दुष्काळात सरकारी कामं निघाली, तेव्हा आबांनी आणि वस्तीतल्या इतरांनी हट्ट धरला की आम्हाला रस्त्यावर खडी फोडायला पाठवू नका, आम्हाला आमची विहीर खंदू द्या. आबा सुरुंगाची भोकं पाडायचे, बाया मुरूम वर काढायच्या. मी तेव्हा शाळेत होतो. त्या दिवसांतली चव अजून जिभेवर आहे: रेशनच्या मिलो ज्वारीची लाल, कोरडी भाकरी, घशाखाली उतरायला हुलग्याचं माडगं, आणि कधी शेजारणीनं वाटीभर दिलेली येसराची आमटी. काळ्या दगडाखाली झरा लागला त्या दिवशी आबा खालून ओरडले, "लागलं!" आणि वर सगळ्या बाया एकदम रडायला लागल्या. पुढं त्या विहिरीवर लोखंडी चाक बसवलं. ते कुरकुरायचं, पण दर घराची कुरकुर वेगळी. आई घरात भाकरी थापता थापता सांगायची की आता कोण पाणी ओढतंय. सलग कुरकुर असली तर आबा. तीन ओढींनंतर थांबली, मधेच कुणाला तरी दोन शब्द ऐकवून परत सुरू झाली, तर गोदाआत्या. गाव त्या विहिरीला खालची हीर म्हणायचं. आम्ही तिला नुसतं 'आपली' म्हणायचो.

गोदाआत्या आबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत परत आली ती कायमची, आणि आमच्या घराला लागून तिचं खोपट होतं. मी लहान असताना आई मजुरीला जायची तेव्हा मला तिनंच सांभाळलं. बोलायला तिखट, पण तिच्या तिखटात माया असायची. माझं नाव मिलिंद. पाहुण्यांना ती सांगायची, "मिलो खाऊन वाढलाय म्हनून मिलिंद. गहू मिळाला असता तर गहिनीनाथ ठिवलं असतं." आबांनी नाव विहारातल्या बैठकीत ऐकून ठेवलं होतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

गावाची बारव ओढ्याजवळ होती. दगडी, पायऱ्यांची, जुन्या काळातली. आत्या पोरगी होती तेव्हा आपली विहीर नव्हती. ती आणि तिची आई रिकामी घागर घेऊन बारवेच्या वरच्या अंगाला उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "पानी वाढा वं माय." ज्या बाईला दया येईल ती वरून धार धरायची. कधी सकाळी गेलेलं माणूस भाकरीच्या वेळेला अर्धी घागर घेऊन परतायचं. वाट बघता बघता आत्यानं वरूनच बारवेच्या पायऱ्या मोजल्या होत्या. "बावीस हायत," ती सांगायची. "एकवीस दिसत्यात. बाविसावी पान्यात हाय, ती ऊन पडल्यावरच दिसती." त्यातल्या एकाही पायरीवर तिनं पाय ठेवला नव्हता. म्हातारपणी आपल्या विहिरीचं गोड पाणी पिताना ती म्हणायची, "ह्ये चांगलंय. पन पायरीवर उतरून, आपल्या ओंजळीनं पिल्यावर त्येची चव कशी असंल रं?" 'ते' म्हणजे बारवेचं.

मी उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, कॉलेजात होतो तेव्हा पुन्हा एक कोरडं साल आलं. ओढा माघातच आटला. गावातल्या मळ्यांच्या विहिरी तळाला गेल्या आणि सगळं गाव बारवेवर आलं. बारवेचं पाणी इतकं खाली गेलं की बाया शेवटच्या पायरीवर उतरून, पाय पाण्यात घालून, वाटीनं घागर भरायच्या. तिथंच कुणी हातपाय धुवायचं, कुणी पोराला आंघोळ घालायचं. बारवेच्या वरच्या अंगाला, बाभळींमागं, गाव सकाळी तांब्या घेऊन बसायला जायचं. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं होतं. पण पाहणं आणि कळणं यात अंतर आहे, ते मला त्या वर्षी कळलं. गावात उलट्या-जुलाब सुरू झाले. दोन माणसं दगावली. म्हातारे 'पटकी' म्हणाले, कुणी मरीआईचा गाडा काढायची भाषा केली. आमच्या माळावर मात्र कुणालाच काही झालं नाही.

त्याच सुमारास आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या सरांनी वर्गात सांगितलं, "ज्यांच्या गावात साथ आहे त्यांनी पाण्याचे नमुने आणा. आपण तपासू." त्यांनी मला दोन बाटल्या दिल्या, वाफेत शुद्ध केलेल्या, तोंडाला कागद बांधलेला. बजावलं की नमुना घेईपर्यंत कागद सोडायचा नाही आणि काही झालं तरी बाटली धुवायची नाही. मी त्या पिशवीत घालून घरी आणल्या आणि पाच मिनिटांत आत्या राखुंडी घेऊन बसली.

"आत्या, धुवू नको!"

"कामून? मास्तरच्या घरला अशीच न्येतोस व्हय? काय म्हनतील, ह्येच्या घरात राख सुदीक न्हाई?"

"ती धुतलेली हाय. धुतली तर खराब हुईल."

"ऐका," ती आईला म्हणाली. "धुतली तर खराब हुती! ह्ये शिकवत्यात कॉलेजात."

आपल्या विहिरीची बाटली मी भरली. बारवेची दत्तानं भरली. दत्ता माझ्या शाळेतला सोबती, गावातल्या चांगल्या जमीनदार घरातला. मी वर उभा राहिलो आणि तो पायऱ्या उतरून गेला. मी उतरलो असतो तर त्या वर्षी कुणी मारलं नसतं कदाचित. पण कुणी मारेल म्हणून मी थांबलो नव्हतो. पाय आपोआप थांबले.

आता त्या शब्दाकडं येतो. प्रयोगशाळेत सरांनी चिकटपट्टीचे दोन तुकडे दिले आणि म्हणाले, "नावं घाला बाटल्यांना." आजूबाजूला वर्गातली मुलं होती. काही जण मला आडनावावरून ओळखत होते, काही नव्हते, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना कळू नये अशी माझी दिवसभर धडपड असायची. बारवेच्या बाटलीवर 'गावची विहीर' लिहिलं तर दुसरी कुणाची, हा प्रश्न आलाच असता. 'बौद्धवस्ती' हा शब्द लिहायला माझा हात धजेना. मग मला एक सभ्य वाट सापडली. माळ वर आहे, ओढा खाली आहे. मी आमच्या बाटलीवर 'वरची' लिहिलं आणि बारवेच्या बाटलीवर 'खालची'. भूगोलाच्या दृष्टीनं त्यात तसूभर चूक नव्हती. सरांनी पाहून मान हलवली. आपण किती हुशारीनं सुटलो याचा मला आनंदच झाला.

दोन दिवसांनी सरांनी नळ्या उजेडात धरून दाखवल्या. मोठ्या नळीत एक चिमुकली नळी उलटी ठेवलेली असते. पाण्यात घाणीतले जंतू असले तर ते वायू सोडतात आणि उलट्या नळीच्या टोकाला बुडबुडा जमतो. आमच्या नळ्या स्वच्छ होत्या. बारवेच्या प्रत्येक नळीत बुडबुडा होता. सर हळू आवाजात म्हणाले, "हे प्यायचं म्हणजे शौचाच्या जागेचं पाणी प्यायचं." त्यांनी कॉलेजच्या कागदावर अहवाल लिहिला: वरची, पिण्यास योग्य. खालची, पिण्यास अयोग्य, ताबडतोब बंद करावी. सही केली, शिक्का मारला. आयुष्यात पहिल्यांदाच मी गावासाठी काहीतरी घेऊन चाललो होतो. एस.टी.त तो कागद मी घडी न पाडता हातात धरून बसलो.

संध्याकाळच्या आत मी सोसायटीच्या ओट्यावर पोचलो. सोसायटीचे चेअरमन आणि गावचे सरपंच एकच, त्यांना सगळे तात्या म्हणत. ग्रामसेवक होते, दहा-बारा माणसं बसली होती, दत्ताही होता. मी कागद तात्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला. "वरची, पिण्यास योग्य." ओट्यावर एक सुस्कारा फिरला. "खालची, पिण्यास अयोग्य, ताबडतोब बंद करावी." सगळे माझ्याकडं बघायला लागले. त्या नजरांत राग नव्हता. कीव होती. ती कीव कशाची, हे कळायला मला एक क्षण लागला.

"तात्या, तसं न्हाई," मी म्हणालो. "वरची म्हंजी आमची. माळावरची."

कुणीतरी खदखदून हसलं. "बगा, कॉलेजात काय गेलं, खालचं वर झालं!"

"आमच्याकडं कोन आजारी न्हाई," असं मी म्हणणार होतो. त्याआधी एक म्हातारा म्हणाला, "त्येंच्यात कुनाला काय झालं न्हाई बरं का."

"त्येंला सवं असती खराब पान्याची," दुसरा म्हणाला. "आपल्याला न्हाई."

"गप बसा रं," तात्या म्हणाले. त्यांनी कागद माझ्यापुढं धरला. "पोरा, ह्यात लाजायचं काय हाय? तुज्या मास्तरानं लिव्हलंय, शिक्का हाय. तुमची हीर खराब निघाली, म्हनून तुमास्नी मरू द्यावं व्हय आमी?" मग ते सगळ्यांकडं वळले. "ऐका. उद्यापास्नं खालच्या आळीची मान्सं बारवंवर येतील. आपल्या हातानं भरतील. कुनी आडवायचं न्हाई." एक म्हातारा पुटपुटायला लागला, तर तात्या त्याच्यावर खेकसले, "जात बगायची येळ हाय का ही?"

मला आजही तात्यांचा राग करता येत नाही. गावाच्या इतक्या पिढ्यांत जे कुणी केलं नव्हतं ते त्या माणसानं सगळ्यांसमोर केलं, आमच्या वस्तीतल्या लेकरांना आणि माणसांना वाचवायचं म्हणून केलं. त्याच्यासमोर उभं राहून 'तुमची बारव घाण आहे आणि आमची विहीर चांगली आहे' असं दुसऱ्यांदा म्हणायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं. ग्रामसेवकाकडं पाण्यातले जंतू मारायच्या टीसीएल पावडरीची एकच पिशवी शिल्लक होती. ती त्याच सांजेला आमच्या चांगल्या विहिरीत टाकली गेली, चाक आणि दोर काढून सोसायटीत ठेवले गेले.

मी पळत घरी आलो, पण बातमी माझ्याआधी चढ चढली होती. आत्या तिची तांब्याची घागर चिंचेनं घासत होती. घागर उजळून निघाली होती.

"ते पानी प्यायचं न्हाई," मी दारातूनच ओरडलो. "बारव खराब हाय. आपली चांगली हाय. उलटं वाचलं त्येंनी."

आत्यानं घासणं थांबवलं नाही. "एवढी सालं पानी चांगलं हुतं," ती म्हणाली. "आज आमाला दिलं तर आजच खराब झालं व्हय?"

मी आबांना सगळं सांगितलं, बाटल्या, चिकटपट्टी, बुडबुडा. शब्द का लिहिला तेही सांगितलं. ते सांगताना खाली बघत होतो. आबा भिंतीवरच्या तसबिरींकडं बघत राहिले, त्यांच्यापुढची मेणबत्ती अर्धी जळून विझलेली होती.

"तू सांगितलं न्हाईस तिथं?"

"सांगितलं."

"किती डाव?"

"एक डाव."

"एक डाव," आबा म्हणाले. त्यांनी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि या वयातही वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतल्या बाया एका रांगेनं उतारानं निघाल्या. कुणी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पुढं आत्या. बारवेच्या कडेला गावातली बायामाणसं जमली होती, काही तोंड फिरवून, काही नुसती बघत. तात्याही उभे होते. मी आत्याच्या बाजूनं चालत होतो आणि सारखं म्हणत होतो, आत्या, भर पण पिऊ नको, आत्या, घरी नेऊन उकळू. ती काठाला थांबली. मग एकेक पायरी मोजत उतरायला लागली. ओठ हलताना मला दिसत होते. शेवटच्या पायरीवर पोचून तिनं वर पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक दिली, "चोवीस हायत रं मिलिंदा! दोन ठावंच नव्हत्या!"

दुष्काळानं दोन पायऱ्या उघड्या टाकल्या होत्या. गावातल्या एका बाईला हसू आलं, आणि सगळ्याच हसल्या, आमच्या आणि त्यांच्याही. तेवढा एक क्षण तिथं कसलंच अंतर नव्हतं. मी पायऱ्या उतरून तिच्यापर्यंत गेलो. माझ्याही पायांना त्या पायऱ्या पहिल्यांदाच लागत होत्या. आत्यानं वाकून ओंजळ भरली.

"आत्या, नको."

"समदी बगत्यात," ती हळू म्हणाली. "न्हाई पिलं तर काय म्हनतील? पानी दिलं आन् थुकली."

"आत्या, तुज्या पाया पडतो."

"आज नको म्हनू नको, बाळा," ती म्हणाली, आणि प्यायली. मग हातानं तोंड पुसून माझ्याकडं पाहिलं. "आपल्यावानीच हाय की," ती म्हणाली. तिच्या आवाजात थोडी निराशा होती.

आई लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती, पण तिनं एवढंच विचारलं, "मास्तरांनी उकळाया सांगितलंय का?" हो म्हटल्यावर तिनं तुराट्यांची शेवटची मोळी ओढली आणि पातेलं चुलीवर चढवलं. दारोदार जाऊन ती सांगून आली. कुणी ऐकलं, कुणी म्हणालं की भाकरीला जळण नाही, पाण्याला कुठलं आणू. आत्यानं साफ नाही सांगितलं. "उकळल्यावर ते त्येंचं पानी ऱ्हातं का? मग कुटलंबी पानी सारखंच." त्या पाण्यातलं तिला दुसरंच काही प्यायचं होतं, आणि ते उकळल्यावर उडून जाणार होतं.

मला एकच वाट दिसत होती, सरांकडून नवा कागद आणायचा. त्याच दिवशी कॉलेजात गेलो तर कळलं, सर परीक्षेच्या कामासाठी नळदुर्गला गेलेत. मी मिळेल त्या गाडीनं नळदुर्ग गाठलं. हमरस्त्यावर ढाब्यांपुढं ट्रक उभे होते, एका नळाखाली ड्रायव्हर पोटभर पाणी पीत होता, आणि मला त्याच्या हातातला पेला हिसकावून घ्यावासा वाटला. सर परीक्षा संपवून बाहेर आले तेव्हा चार-पाच प्राध्यापक त्यांच्याबरोबर होते. मी रस्त्यातच सगळं सांगितलं. सरांचा चेहरा उतरला.

"मग आधीच नीट नाव का नाही लिहिलंस?"

मी बरोबरच्या प्राध्यापकांकडं पाहिलं. सरांना ते पाहणं समजलं असावं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पिशवीतून कागद काढला, गुडघ्यावर धरला. "सांग, काय लिहू?"

प्राध्यापक ऐकत होते. मी म्हणालो, "बौद्धवस्तीची विहीर, माळावरची. पिण्यास योग्य. गावची बारव, ओढ्याजवळची. पिण्यास अयोग्य." शब्द तोंडातून निघाले आणि काहीही झालं नाही. एका प्राध्यापकांनी बिडी शिलगावली. एवढंच होतं ते. याच्यासाठी मी ती चिकटपट्टी वाया घालवली होती.

त्या कागदाबरोबर मी गावी जायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवसापासून माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती, आणि निघताना आबांनी सांगितलं होतं, "परीक्षा सोडून यायचं न्हाई. काय बी झालं तरी." मी ते ऐकलं. ऐकायला सोपं होतं म्हणून ऐकलं की आबांचा शब्द म्हणून ऐकलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. आमच्या गावाच्या गाडीचा कंडक्टर सगळ्यांच्या ओळखीचा, चिठ्ठ्या, औषधं, निरोप तोच पोचवायचा. सकाळी परीक्षेला जाण्याआधी उस्मानाबादच्या स्टँडवर मी कागद त्याच्याकडं दिला. "दत्ताच्याच हातात द्या. त्याला म्हणावं, वरची म्हंजी कुठली ते आता नावानं लिहिलंय." मी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. तात्यांचं नाही आणि आबांचंही नाही. मी जे एकदा बोलून हसं करून घेतलं ते दत्ता बोलला तर ऐकतील, हे मला ठाऊक होतं. ते खरंही ठरलं.

पुढं माझी सगळी नोकरी पाणी तपासण्यात गेली. गावोगावच्या बाटल्या यायच्या. 'देवळाजवळची', 'पाटलाची', 'मोठी' असं लिहिलेली बाटली मी परत पाठवायचो. हाताखालची मुलं हसायची की साहेब विहिरीचा सात-बारा मागतात. मी त्यांना कधी कारण सांगितलं नाही. इथं पहिल्यांदाच सांगतोय.

परीक्षेचे दोन दिवस मी कसे काढले ते आठवत नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी स्टँडवर आलो. आमची गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा होता, मला बघून खाली उतरला.

"तुजी चिठ्ठी दिली बरं का दत्ताच्या हातात," तो म्हणाला. "त्या पोरानं त्याच पावली सोसायटीवर जाऊन वाचली. तात्यांनी दोनदा वाचून घेतली म्हनं. मंग सोता चाक आन् दोर घिऊन चढले. आता समदं गाव वरच्या हिरीवर हाय पान्याला. ही मोठी रांग."

"कुठल्या वरच्या?" मी विचारलं.

"कुठल्या म्हंजे? माळावरच्या. तुमच्याच की."

गावचा माणूस आमच्या विहिरीला वरची म्हणाला, हे मी पहिल्यांदा ऐकलं. मला हसू आलं. लिहायला लाज वाटते, पण गाडीत चढून खिडकीशी बसेपर्यंत मी सुखात होतो. चाकाची कुरकुर माझ्या कानात सुरू झाली होती, शेकडो नव्या हातांची, आणि त्यात आत्याची तीन ओढींनंतर थांबणारी कुरकुर मी शोधत होतो. आता ती रांगेतल्या बायांना काय काय ऐकवत असेल याचा मी विचार करत होतो.

गाडी सुटली. कंडक्टर तिकिटं फाडत माझ्यापर्यंत आला आणि थांबला. त्यानं तिकीट फाडलं नाही. शेजारच्या रिकाम्या जागेवर बसला, पंच मांडीवर ठेवला.

"गोदाबाई तुजी कोन लागत हुती रं?"

"लागते," मी म्हणालो. "आत्या लागते."

तो समोरच्या आडव्या दांड्याकडं बघत राहिला.

"चिठ्ठी पोचली त्या आदल्या रातीपास्नंच चालू हुतं तिला," तो म्हणाला. "काल दवाखान्याची जीप आली, तवर लई उशीर झाल्ता. जीपमदीच, बेंबळीच्या अलीकडं गेली."